कंट्रोलही निळाच येतो: पीएच ओळखणाऱ्या जिवाणूंचा रंग कुठे फसतो

द्राक्षांचा हंगाम आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टचा हंगाम नाशिकमध्ये हातात हात घालून येतात, आणि त्यांच्याबरोबर, आम्लात निळे व्हावेत म्हणून जनुक बदललेल्या ई. कोलाय जिवाणूंबद्दलची ही तक्रारही ठरलेली: "मॅडम, साडेपाच पीएचचा फ्लास्क निळा झाला, पण सातचाही झाला." सातचा फ्लास्क म्हणजे कंट्रोल, तुलनेसाठीचा; तो पांढराच राहायला हवा. कधी तिचं रूप वेगळं असतं. संध्याकाळी लॅब बंद करेपर्यंत सगळं पांढरं, सकाळी येऊन बघावं तर सगळं निळं. किंवा पहिल्या प्लेटवर सुरेख रंग, आणि पुढच्या सबकल्चरांमध्ये (त्याच जिवाणूंच्या पुन्हा लावलेल्या वाढींमध्ये) नुसता दुधी थर.

निदान मात्र सगळ्यांचं एकच असतं: "प्रमोटर लीक होतोय." म्हणजे जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा हुकूम नसतानाही जनुक चालू ठेवतोय. मग नवीन कन्स्ट्रक्ट (जोडून तयार केलेला डीएनए) मागवायची चर्चा, त्याच्या खर्चावरून गाइडची बोलणी, आणि इकडे सबमिशन डोक्यावर. बहुतेक वेळा हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखं असतं. प्रमोटरने आपलं काम चोख केलेलं असतं. मीडियम (जिवाणूंचं अन्नद्रावण) तुम्ही सातचा बनवला होता हे खरंच; पण रंग तयार होत होता तेव्हा त्या फ्लास्कमध्ये सात राहिला होता का, हे कुणी तपासलेलं नसतं.

तेव्हा बाकी काही करण्याआधी एवढं करा. रंग आलेल्या कंट्रोलमधून थोडं कल्चर (वाढलेले जिवाणू असलेलं द्रावण) काढा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या निवळीचा पीएच घ्या. आकडा सहाच्या खाली गेला असेल तर पुढचा साखरेचा भाग तुमच्यासाठी आहे. सात सातच राहिला असेल तर 'पीएच सातच राहिला, तरीही निळा' या भागाकडे जा. मीटरचा इलेक्ट्रोड छोट्या ट्यूबमध्ये शिरत नसेल तर कमी पल्ल्याची पीएच पट्टी चालेल. इथे दोन दशांशांपर्यंत जायची गरज नाही.

हा लिटमस नाही

ई. कोलाय बाहेरचा पीएच ५ ते ९ मध्ये कुठेही असला तरी आपल्या पेशीच्या आतला पीएच साधारण ७.२ ते ७.८ मध्ये टिकवून धरतो. बाहेर आम्ल वाढलं की त्याचे काही ठरावीक जनुक चालू होतात. त्या जनुकांचा प्रमोटर कापून त्याच्यामागे रंगाच्या प्रथिनाचा जनुक जोडला की आपला 'रंगबदलू' जिवाणू तयार. रंगाचं प्रथिन बहुधा प्रवाळाचं असतं: निळ्याजांभळ्यासाठी अॅक्रोपोरा मिलेपोरा या प्रवाळातलं अॅमिलसीपी, लालसर गुलाबीसाठी एफोररेड.

म्हणजे पीएच थेट रंग बदलत नाही, पीएच फक्त रंग तयार करायचा हुकूम देतो. लिटमस आम्लात बुडवला की क्षणात लाल आणि अल्कलीत बुडवला की परत निळा. इथे हुकूम निघाल्यावर प्रथिन बनणार, त्याची घडी बसणार, मग त्याच्या आतला रंगगट पिकणार. यात तास जातात. आणि एकदा तयार झालेला रंग पीएच पूर्ववत झाल्यावर जात नाही. ही प्रथिनं टिकाऊ असतात, पेशींची संख्या वाढेल तसा रंग फक्त विरळ होत जातो. रात्री दोन वाजता तासभर पीएच घसरून पुन्हा वर आला असेल, तर सकाळी मीटर सात दाखवेल आणि कल्चर निळं दिसेल. मीटरही खोटं बोलत नाही आणि कल्चरही.

साखर: घोडं पेंड खातं ते इथे

एलबी मीडियम सगळ्यांच्या सवयीचा. लिटरला १० ग्रॅम ट्रिप्टोन, ५ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, १० ग्रॅम मीठ. त्यात बफर (पीएच हलू न देणारं द्रव्य) म्हणावं असं फारसं काही नसतं आणि साखरही नावालाच. त्यामुळे जिवाणू अमिनो आम्लं खातात, अमोनिया सोडतात, आणि रात्रभरात पीएच ७ वरून साडेआठ-नऊकडे चढतो. त्याच एलबीत ग्लुकोज घातलं की चित्र उलटं. भरभर साखर खाताना ई. कोलाय भरपूर हवा असली तरी अॅसिटिक आम्ल बाहेर टाकतो, आणि पीएच पाचाच्या आसपास किंवा त्याखालीही जातो.

आता नाशिकमधला आवडता प्रयोग घ्या. द्राक्षाच्या रसाचं आम्ल जिवाणूंना ओळखता येतं का? रस आणायचा निफाड किंवा दिंडोरीच्या बागेतून, गाळून निर्जंतुक करायचा, पीएच सातवर आणून एलबीत ५ टक्के मिसळायचा. एका फ्लास्कमध्ये रस, दुसऱ्यात तेवढंच पाणी. सकाळी रसाचा फ्लास्क निळा, पाण्याचा पांढरा. प्रोजेक्ट यशस्वी!

पण २० ब्रिक्सच्या रसात शंभराला साधारण वीस भाग साखर असते. त्याचे ५ टक्के म्हणजे मीडियममध्ये १ टक्का साखर झाली. जिवाणूने द्राक्षातलं आम्ल ओळखलेलं नाही. ते तर तुम्ही आधीच उदासीन केलं होतं. त्याने साखर खाल्ली, स्वतः आम्ल केलं आणि स्वतःचंच आम्ल ओळखलं. पाण्याचा फ्लास्क पांढरा राहिला कारण तो रात्रभर अल्कलीकडे सरकत होता. दोन्ही फ्लास्क सुरुवातीला सातवर होते आणि सकाळी दोघांत कित्येक अंकांचं अंतर पडलेलं होतं. तक्रार घेऊन येणाऱ्यांपेक्षा असा 'यशस्वी' निकाल घेऊन येणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांना प्रश्नच पडलेला नसतो.

या प्रयोगाचा खरा कंट्रोल पाणी नाही. तेवढंच ग्लुकोज आणि फ्रुक्टोज घातलेलं, तितक्याच पीएचचं पाणी हा कंट्रोल. तोही निळा झाला तर रसाबद्दल काही सिद्ध झालेलं नाही.

बफर घाला, पण बफरच्या भरवशावर झोपू नका

पहिला उपाय सरळ आहे. १०० मिलिमोलर बफर घाला आणि तो हव्या त्या पीएचला साजेसा निवडा. साडेपाच ते पावणेसातपर्यंत एमईएस, साडेसहा ते आठच्या अलीकडे मॉप्स, पावणेआठ ते नऊपर्यंत टॅप्स. फॉस्फेट स्वस्त आहे आणि सातच्या आसपास चांगलं चालतं, पण साडेपाचला त्याचा जोर राहत नाही. ट्रिस वापरायचा मोह होतो कारण तो प्रत्येक लॅबच्या कपाटात असतो. पण तापमान वाढलं की त्याचा पीएच उतरतो, अंशाला साधारण ०.०३ इतका. २५ अंशांना ८.० करून ठेवलेलं ट्रिस ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ७.७ च्या जवळ येतं.

अल्कलीकडचे प्रयोग असतील तर पीएच जुळवायला सोडियम हायड्रॉक्साइडऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्या, आणि मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड. वाढत्या पीएचला सोडियम ई. कोलायला जड जातं, आणि मग पीएचचा परिणाम कोणता आणि सोडियमचा कोणता हे वेगळं काढता येत नाही. अपवाद एकच: तुमचा प्रमोटर एनएचएए या, पेशीतून सोडियम बाहेर काढणाऱ्या जनुकाचा असेल, तर त्याला चालू व्हायला सोडियमच लागतं. पोटॅशियमचा मीडियम करून तो रंग देत नाही म्हणून रडू नका.

आता बफरची मर्यादा. १ टक्का ग्लुकोज म्हणजे सुमारे ५५ मिलिमोलर. ग्लुकोजच्या एका रेणूपासून जिवाणू आम्लाचे दोन रेणू करू शकतो, म्हणजे वाईटात वाईट ११० मिलिमोलर आम्ल. तुमचा बफर १०० मिलिमोलर, आणि त्यातलाही काहीच भाग आम्ल शोषायच्या कामाचा. हिशेब जुळत नाही. साखर एक दशमांश करा, नाहीतर जिवाणू कमी ठेवा, नाहीतर लवकर मोजा. खरं तर तिन्ही करा.

मी सुचवते ती पद्धत अशी: रात्रभराच्या कल्चरमधून नवं कल्चर लावा, उदासीन बफर घातलेल्या मीडियममध्ये ओडी (कल्चर किती गढूळ झालं याचं माप) ०.३ पर्यंत वाढवा. मग पेशी सेंट्रिफ्यूजने खाली बसवा आणि आधीच ३७ अंशांना आणलेल्या वेगवेगळ्या पीएचच्या मीडियममध्ये परत मिसळा. दोन तास शेक करा आणि थांबा. सुरुवातीचा पीएच आणि शेवटचा पीएच दोन्ही ट्यूबवर मार्करने लिहा. दोन्हीत ०.२ पेक्षा जास्त फरक आला तर ती ट्यूब निकालात धरू नका.

लगेच प्रश्न येतो: एवढ्या विरळ कल्चरमध्ये डोळ्यांना रंग दिसणार कसा? दिसत नाही. दाट कल्चर केलं तर रंग दिसतो पण पीएच हलतो, विरळ ठेवलं तर पीएच राहतो पण रंग दिसत नाही. म्हणून द्रवाकडे बघूच नका. ५० मिली कल्चर घ्या, सगळ्या पेशी खाली बसवा, निवळी ओतून टाका आणि ट्यूब पांढऱ्या कागदावर आडवी ठेवून तळाच्या गोळीकडे बघा. वाटाण्याहून लहान गोळी असते, पण फ्लास्कमध्ये जे 'पांढरं' वाटत होतं ते तिथे स्पष्ट फिकट जांभळं दिसतं. शेजारी रिकाम्या प्लाझ्मिडवाल्या (प्लाझ्मिड म्हणजे जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं; यात रंगाचा जनुक नसतो) पेशींची गोळी हवीच, कारण नुसत्या पेशींची गोळीही शुभ्र नसते, ती पिवळसर मळकट असते.

रंग पिकायला वेळ हवा आणि तोवर नवीन प्रथिन बनायला नको, अशी अडचण असेल तर दोन तासांनंतर प्रथिननिर्मिती थांबवणारं अँटिबायोटिक घालून कल्चर हवेत हलवत ठेवता येतं. मात्र प्लाझ्मिडवर क्लोरॅम्फेनिकॉलचा प्रतिकार असताना क्लोरॅम्फेनिकॉलच घालणारे दर वर्षी भेटतात. काहीही थांबत नाही, हे सांगायला नको.

पीएच सातच राहिला, तरीही निळा

इथे मात्र प्रमोटरकडे बोट दाखवायला हरकत नाही, पण 'लीक' म्हणून नाही. गॅड कुटुंबातले (आम्लापासून बचाव करणाऱ्या जनुकांचे) प्रमोटर आम्लात चालू होतात हे पुस्तकात असतं. वाढ थांबून कल्चर स्थिर अवस्थेत गेलं की ते उदासीन मीडियममध्येही चालू होतात, हे त्याच पुस्तकाच्या पुढच्या परिच्छेदात असतं आणि तिथवर कुणी वाचत नाही. भूक आणि दाटी यांच्या वेळी काम करणारा आरपीओएस हा सिग्मा घटक (जनुक चालू करायला मदत करणारं प्रथिन) त्यांना उठवतो. जिवाणूच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे: उपाशी दिवस आले की आम्लाचीही तयारी ठेवलेली बरी. पण तुमच्या प्रयोगात रात्रभर ठेवलेला गॅडचा फ्लास्क पीएच सांगत नाही, 'मी म्हातारा झालो' एवढंच सांगतो. वाढीच्या मधल्या टप्प्यावर मोजा, सकाळी नाही.

आम्लात चालू होणारा दुसरा प्रमोटर, कॅड, त्यापेक्षा नेमका आहे, पण त्याचे नखरे वेगळे. त्याचा संवेदक कॅड-सी पेशीच्या आतल्या पटलात रोवलेला असतो. त्याला बाहेर आम्लही लागतं आणि लायसीन हे अमिनो आम्लही. मिनिमल मीडियममध्ये (ज्यात अमिनो आम्लं वेगळी घालावी लागतात) लायसीन घालायला विसरलात तर पीएच कितीही खाली न्या, रंग येणार नाही. लायसीनपासून तयार होणारं कॅडॅव्हरिन साठलं की प्रमोटर परत बंद होतो. आणि तो कमी हवेत जास्त जोरात चालतो. रंगाच्या प्रवाळी प्रथिनाचा रंगगट पिकायला मात्र ऑक्सिजन अत्यावश्यक! म्हणजे हुकूम द्यायला हवा नको आणि हुकूम पाळायला हवा हवी.

हा विरोध ओळखायला सोपा आहे. काठोकाठ भरलेली, झाकण घट्ट लावलेली ट्यूब न हलवता ठेवली की वरच्या पृष्ठभागाशी रंगाची बारीक कडी दिसते आणि खाली सगळं पांढरं. ती ट्यूब उघडून मोठ्या फ्लास्कमध्ये ओता आणि हलवा; आधीच बनून पडलेलं प्रथिन हळूहळू रंग धरू लागतं. एरवीही फ्लास्क त्याच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरू नका. रात्री वीज गेली आणि शेकर थांबला तर त्या रात्रीचा निकाल बाजूला ठेवा. हवा, तापमान आणि वाढ तिन्ही बदललेली असतात.

रंगच नाही

द्राक्षाचा रस तसाच, साडेतीन पीएचला घातला आणि काहीच झालं नाही, ही तक्रार मी फार वेळ ऐकून घेत नाही. ई. कोलाय साडेचारच्या खाली वाढत नाही. आपल्या पोटातल्या आम्लात तो काही तास जिवंत राहतो, पण जिवंत राहणं वेगळं आणि निवांत बसून रंग बनवणं वेगळं. या जिवाणूंचा उपयोगाचा पट्टा साडेपाच ते आठ-साडेआठ. वाइनच्या रसाचा पीएच त्यांच्याकडून मोजून घ्यायचा असेल तर माझं स्पष्ट मत आहे: पट्टी वापरा, ती काही पैशांत आणि काही सेकंदांत सांगते. जनुकं कशी चालू-बंद होतात हे शिकण्यासाठी हे जिवाणू उत्तम आहेत, आणि प्रोजेक्टच्या प्रस्तावात तेवढंच लिहिलं तरी चालतं.

काळ्या द्राक्षांचा, म्हणजे शरद सीडलेस किंवा शिराझचा रस वापरत असाल तर आणखी एक फसवणूक आहे. सालीतलं अँथोसायनिन स्वतःच पीएचदर्शक आहे: आम्लात लाल, उदासीनात जांभळट, अल्कलीत निळसर हिरवं. पीएच जुळवतानाच रंग बदलतो आणि जिवाणू घालायच्या आधीच कुणीतरी टाळ्या वाजवतं. पेशी दोनदा धुऊन मगच गोळीचा रंग बघा. मॅकॉन्की अगारवरच्या गुलाबी कॉलन्यांचंही तेच. तो गुलाबी रंग न्यूट्रल रेडचा, म्हणजे मीडियममध्येच घातलेल्या पीएचदर्शकाचा असतो, तुमच्या जनुकाचा नाही.

सबकल्चर करता करता रंग गेला

रंगाचं प्रथिन ढीगभर बनवणं पेशीला महाग पडतं. ज्या पेशीत प्रमोटर बिघडला ती जास्त वेगाने वाढते आणि काही सबकल्चरांत तिचंच राज्य येतं. उपाय: सुरुवातीलाच चांगल्या रंगाच्या कॉलनीचा ग्लिसरॉल स्टॉक (गोठवलेला मूळ नमुना) उणे ८० अंशांना ठेवा आणि प्रत्येक प्रयोग तिथून ताजा सुरू करा. फ्रिजमधली महिन्यापूर्वीची प्लेट म्हणजे स्टॉक नव्हे.

आम्लाच्या प्लेटवर रंग हमखास जात असेल आणि प्लाझ्मिडवर कॅनामायसिनचा प्रतिकार असेल, तर कारण अँटिबायोटिकमध्ये आहे. कॅनामायसिनच्या गटातली औषधं आम्लात फिकी पडतात, त्यामुळे साडेपाचच्या प्लेटवर प्लाझ्मिड टाकून दिलेल्या पेशीही सुखाने वाढतात. अँपिसिलिनला वेगळा रोग: प्रतिकारक पेशी ते तोडून आजूबाजूला मोकळं रान करून देतात. या कामाला क्लोरॅम्फेनिकॉल जास्त भरवशाचं.

आम्लाची प्लेट नीट गोठतच नसेल तर अगार आम्लात ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केलेला असणार. गरम आम्लात अगार तुटतो. दुप्पट तीव्रतेचा अगार वेगळा, दुप्पट तीव्रतेचा आम्ल मीडियम वेगळा ऑटोक्लेव्ह करा आणि कोमट असताना मिसळा. ग्लुकोजही वेगळंच निर्जंतुक करा; ट्रिप्टोनबरोबर शिजलं की मीडियम तपकिरी होतो आणि पीएच उतरतो.

मीटर, पाणी आणि नदी

मीटर दोन बफरांवर जुळवा, आणि ते दोन बफर तुमच्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना असू द्या: आम्लासाठी ४ आणि ७, अल्कलीसाठी ७ आणि ९.२. ९.२ चं द्रावण उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली येतं, ते ताजं करा. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवणं ही जुनी, वाईट सवय आहे. त्याची जागा ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये.

रामकुंडाचं किंवा विहिरीचं पाणी तपासणाऱ्यांसाठी: आपल्याकडच्या बेसाल्टमधल्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. बाटली उघडून शेकरवर लावली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वर चढतो. म्हणून नमुन्याचा पीएच काठावरच मोजा, लॅबमध्ये आल्यावर नाही. नळाचं पाणी घेत असाल तर त्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. आधी थायोसल्फेटने क्लोरीन घालवा.

नमुना लॅबमध्ये आणायचा, जिवाणू नदीवर किंवा बागेत न्यायचे नाहीत. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम जनुकबदल केलेल्या सूक्ष्मजीवांना लागू आहेत, आणि असं काम सुरू करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे जावं लागतं. झालेलं कल्चर १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह करूनच टाका. आम्लाच्या मीडियमवर ब्लीच ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो.

एवढं करूनही कंट्रोल निळाच येत असेल तर विचारायला या. येताना प्रमोटर कोणता, स्ट्रेन कोणता, प्लाझ्मिडचं अँटिबायोटिक, बफर, साखर किती, सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच, मोजतानाची ओडी एवढं एका कागदावर लिहून आणा. फोटो फ्लास्कचा नको, गोळ्यांचा हवा: सगळ्या ट्यूब एका पांढऱ्या कागदावर, एकाच उजेडात, आणि मोबाइलचा फिल्टर बंद.